एअरबॅग आणि तिच्यासमोर बसलेला माणूस



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. न्यूटनचा पहिला नियम फळ्यावर लिहून ते थांबत नसत. तो एसटीत, सायकलवर, आडाच्या रहाटावर कुठे दिसतो हे मुलांकडून वदवून घेत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर बोलायचे, तर विषय विज्ञानाचा आणि रोजच्या रस्त्यावरचा असावा असे मला वाटले. माझे आयुष्य गाड्यांच्या सुरक्षेच्या कामात गेले. म्हणून एअरबॅग निवडली. ती आज बहुतेक नव्या मोटारींत आहे, ती असल्यामुळे पुष्कळांना निर्धास्त वाटते, आणि हा निर्धास्तपणा कुठे खरा आणि कुठे घातक, ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

आधी अपघातात काय होते ते पाहू. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे आतला माणूसही त्याच वेगाने चालला आहे. गाडी भिंतीवर आदळली की गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि स्टीअरिंगवर, डॅशबोर्डवर किंवा काचेवर आपटतो. हा वेग किती असतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो: तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलेला माणूस जवळजवळ याच वेगाने जमिनीवर येतो. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कठड्याशिवाय उभे राहायला आपण घाबरतो. ताशी 50 च्या वेगाला मात्र आपण ‘हळू चाललोय’ म्हणतो.

आता या माणसाला थांबवायचे आहे. प्रश्न एवढाच, किती अंतरात? डॅशबोर्डवर आपटून तो 5 सेंटिमीटरात थांबला, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 200 पट ताण येतो. तोच माणूस 50 सेंटिमीटरात थांबला, तर ताण 20 पटींवर येतो. पहिल्यात कवटी आणि छाती टिकत नाही. दुसऱ्यात माणूस काळानिळा होऊन, एखादी फासळी मोडून, पण जिवंत घरी जातो. मोटारीच्या सुरक्षेचे सगळे शास्त्र या 5 आणि 50 सेंटिमीटरांच्या मधल्या जागेत आहे. बॉनेट चेपते ते म्हणूनच. जुन्या गाड्या कशा दणकट होत्या, पत्रा चेपत नसे, असे कौतुकाने सांगणारे लोक भेटतात. पण चेपणारा पुढचा भाग आणि न चेपणारी बसायची जागा, अशी आजची गाडी मुद्दाम बांधलेली असते. सीटचा पट्टा माणसाला त्या बसायच्या जागेशी बांधून ठेवतो, म्हणजे बॉनेट चेपत असताना गाडीबरोबर माणूसही हळूहळू थांबतो. एअरबॅग या साखळीतली शेवटची कडी आहे. पट्टा लावलेला असला तरी डोके आणि मान पुढे झेपावतात, त्यांना स्टीअरिंगपर्यंत पोहोचू न देणे हे तिचे काम.

हे काम किती वेळात करायचे? बंपर टेकल्यापासून सगळा खेळ सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात संपतो. तेवढ्या वेळात आपली पापणीदेखील धड लवत नाही. पहिल्या 15 ते 20 मिलिसेकंदांत गाडीतला छोटा संगणक सेन्सरकडून आलेले आकडे वाचतो आणि ठरवतो की हा खड्डा आहे, फुटपाथला चाक घासले आहे, की खरी धडक आहे. खरी धडक असेल तर तो विजेचा एक झटका इन्फ्लेटरला, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या यंत्राला, देतो. तिथे ठिणगी पडते, रसायन पेटते, वायू तयार होतो, आणि स्टीअरिंगचे झाकण फाडून नायलॉनची पिशवी पुढच्या 20 ते 30 मिलिसेकंदांत पूर्ण फुगते. बाहेर येताना पिशवीचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाला येणार आहे.

बऱ्याच वर्षांपर्यंत या इन्फ्लेटरमध्ये सोडियम अझाइड वापरत. ते तापले की सोडियम आणि नायट्रोजन असे वेगळे होते. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी हिशेब करून पाहावा: 130 ग्रॅम अझाइडपासून साधारण 70 लिटर नायट्रोजन मिळतो. ड्रायव्हरसमोरची पिशवी भरायला तेवढा पुरतो. उरलेले सोडियम घातक, म्हणून पोटॅशियम नायट्रेट आणि सिलिका घालून त्याचे निरुपद्रवी, काचेसारखे संयुग करून टाकत. अझाइड स्वतः विषारी असल्याने पुढे कारखानदार दुसऱ्या रसायनांकडे वळले. पिशवी उघडल्यावर गाडीत पांढरी धूळ उडते, जळल्याचा वास येतो. लोक घाबरतात, गाडी पेटली असे वाटते. त्यात बराचसा भाग घडी चिकटू नये म्हणून लावलेल्या भुकटीचा असतो.

पिशवी फुगते तेवढीच ती रिकामी होणेही महत्त्वाचे आहे. तिच्या मागच्या बाजूला भोके असतात. डोके आत रुतत जाते तसा वायू त्यांतून बाहेर पडतो आणि वेग जिरतो. घट्ट राहणारी पिशवी माणसाला उलट मागे फेकेल. म्हणजे डोके पोहोचेल त्या क्षणी पिशवी पूर्ण फुगलेली हवी आणि रिकामी व्हायला लागलेली हवी. माणूस आधी पोहोचला तर गणित चुकते. सगळी कल्पकता या वेळ जुळवण्यात आहे. माणसाने त्याच्या जागेवर असावे, ही या गणितातली गृहीत धरलेली बाब आहे.

ही कल्पना कुणाला सुचली? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जॉन हेट्रिक नावाचे तंत्रज्ञ राहत. 1952 च्या वसंत ऋतूत ते पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन मोटारीतून निघाले होते. रस्त्यात दगड आला, त्यांनी ब्रेक दाबून गाडी बाजूला घेतली आणि गाडी चरात गेली. त्या क्षणी नवरा-बायको दोघांचेही हात आपोआप मधल्या मुलीच्या पुढे गेले. तिला काही लागले नाही, पण घरी परतताना हेट्रिकांच्या मनात विचार सुरू झाला की हातांच्या जागी दुसरे काही येऊ शकेल का. नौदलात असताना दाबाखालच्या हवेने आवरण एका झटक्यात फुगलेले त्यांनी पाहिले होते. त्यांनी आराखडा काढला आणि 1953 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. त्याच सुमारास जर्मनीत वॉल्टर लिंडरर यांनाही तशाच कल्पनेचे पेटंट मिळाले. दोघांचीही अडचण एकच होती: दाबलेली हवा पुरेशा वेगाने पिशवी भरू शकत नव्हती. साठच्या दशकात जपानच्या यासुझाबुरो कोबोरी यांनी स्फोटक रसायनाचा मार्ग धरला, अमेरिकेत ॲलन ब्रीड यांनी धडक ओळखणारा, चुंबकाने धरून ठेवलेल्या गोळीचा साधा आणि भरवशाचा सेन्सर केला, आणि मग कल्पना रस्त्यावर येण्याजोगी झाली. एअरबॅगच्या गाड्या बाजारात येण्याआधीच हेट्रिकांच्या पेटंटची मुदत संपली. त्यांना त्यातून पैसा मिळाला नाही. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

1970 च्या दशकात जनरल मोटर्सने काही हजार गाड्या एअरबॅग घालून विकल्या आणि मग बंदही केल्या. पुढे 1980-81 मध्ये मर्सिडीजने आपल्या मोठ्या गाडीत एअरबॅग आणली, पण पट्ट्याची साथीदार म्हणून. धडकेच्या क्षणी पट्टा आवळून घेणारे यंत्र तिच्याबरोबरच होते. पट्ट्याऐवजी एअरबॅग आणि पट्ट्याबरोबर एअरबॅग, या दोन वाटांतला फरक मला आजच्या व्याख्यानाचा गाभा वाटतो.

त्या काळच्या अमेरिकेत फार थोडे लोक पट्टा लावत. लोक ऐकतच नाहीत, तर त्यांच्याकडून काही न मागता त्यांना वाचवणारे साधन करू, असा विचार तिथे झाला. म्हणून नियमात चाचणी अशी ठेवली की मध्यम बांध्याचा, पट्टा न लावलेला पुरुष ताशी 30 मैलांच्या धडकेत वाचला पाहिजे. पट्टा न लावलेल्या पुरुषाला थांबवायचे तर पिशवी मोठी हवी आणि फार जोरात उघडायला हवी. तशी ती केली गेली. 1998 च्या मॉडेलपासून पुढच्या दोन्ही आसनांसमोर ती सक्तीची होत असतानाच वाईट बातम्या येऊ लागल्या. किरकोळ धडकेत, जिथे कुणाला खरचटलेही नसते, तिथे लहान मुले मरत होती. पट्टा न लावल्याने ब्रेकबरोबर पुढे घरंगळलेली मुले, पुढच्या आसनावर मागे तोंड करून ठेवलेल्या बाळखुर्चीतली तान्ही मुले, स्टीअरिंगला अगदी चिकटून बसणाऱ्या ठेंगण्या स्त्रिया. पिशवी फुगण्याआधीच ही माणसे तिच्या तोंडाशी होती. ताशी 300 चा तो आकडा त्यांच्या मानेवर आणि छातीवर येऊन आदळला. अमेरिकी सरकारच्या नोंदीनुसार 1990 ते 2008 या काळात 290 हून अधिक मृत्यू एअरबॅगमुळे झाले. त्यांतले बहुतेक जण पट्टा न लावलेले किंवा नीट न बांधलेले होते. मग नियम बदलला, पिशव्यांचा जोर कमी केला, पुढे वजन आणि बसण्याची जागा ओळखून उघडणाऱ्या एअरबॅग आल्या, आणि मुलांना मागे बसवण्याची मोहीम देशभर चालली.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. त्याच सरकारच्या अंदाजाप्रमाणे 1987 ते 2017 या काळात पुढच्या एअरबॅगनी पन्नास हजारांवर लोकांचे जीव वाचवले. हे साधन चांगले आहे. ते वापरणारा माणूस जागेवर असला पाहिजे, एवढेच.

आता आपल्याकडे येऊ. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या क्रॅश टेस्टचे निकाल जाहीर केले. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांपैकी फोक्सवॅगन पोलोचा सांगाडा टिकला होता, पण एअरबॅग नव्हती. तीच गाडी दोन एअरबॅग घालून आपटली तेव्हा तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. याच्या उलट मारुती अल्टो आणि टाटा नॅनोसारख्या गाड्यांचा सांगाडाच इतका कोलमडला की एअरबॅग घालूनही फारसा उपयोग झाला नसता, असे त्या संस्थेने म्हटले. शोरूममध्ये ‘किती एअरबॅग?’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. बसायची जागाच चेपली तर पिशवी कुणासमोर फुगणार? टाटा नेक्सॉनला 2018 च्या अखेरीस पाच तारे मिळाले, तेव्हा इथल्या कारखान्यांनाही हे जमते हे दिसले. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली, शेजारच्या आसनाची 2021 मध्ये. 2023 मध्ये भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली.

आपल्याकडच्या या चाचण्यांत पुढे बसवलेल्या पुतळ्यांना पट्टा बांधलेला असतो. चाचणी ताशी 64 किलोमीटरला होते. म्हणजे आपल्या गाडीतली एअरबॅग ज्या माणसासाठी आखली आहे, तो माणूस पट्टा बांधून, पाठ टेकून बसलेला आहे. आणि रस्त्यावरचा माणूस? रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात पट्टा न लावल्यामुळे मेलेल्यांची संख्या 16,715 दिली आहे. त्यांतले निम्मे ड्रायव्हर, निम्मे प्रवासी. पट्टा न लावता बसलो तर गाडी वाजत राहते, म्हणून ते वाजणे बंद करायला बाजारात नुसते बक्कल विकत मिळत असे. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन दुकानांवरून ही बक्कले काढायला लावावी लागली. ज्याने ते बक्कल खोचले, त्याने स्वतःला सत्तरच्या दशकातल्या पट्टा न लावणाऱ्या अमेरिकनाच्या जागी नेऊन बसवले, आणि समोरची पिशवी मात्र त्याच्यासाठी बनवलेली नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे. 64 च्या तुलनेत त्या वेगाला धडकेतली ऊर्जा साडेतीन पट होते. पाच ताऱ्यांची गाडी आहे म्हणून वेगाने हाकणाऱ्या तरुणांना मी हा हिशेब नेहमी करून दाखवतो.

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी नामांकित, एअरबॅगनी सुसज्ज. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. मिस्त्रींसह मागचे दोघे गेले, आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर देशात चर्चा रंगली ती प्रामुख्याने सहा एअरबॅगची. सक्तीचा प्रस्ताव त्याआधीच आलेला होता, तो पुढे ढकलला गेला, आणि शेवटी सक्ती नाही असे मंत्र्यांनी जाहीर केले. सहा एअरबॅग असाव्यात याच्या मी बाजूने आहे. बाजूने बसणाऱ्या धडकेत दार आणि माणूस यांच्यात वीतभरही जागा नसते, तिथे पडद्यासारखी उतरणारी पिशवी डोके वाचवते. पण समोरासमोरच्या धडकेत मागे बसलेल्यासमोर सहसा कुठलीच पिशवी उघडत नाही. त्याला पट्टाच वाचवणार. तो नसेल तर मागचा माणूस पुढच्या आसनावर आदळतो आणि पुढच्यालाही चिरडतो. ही गोष्ट त्या सगळ्या गदारोळात मागे पडली याचे मला आजही वाईट वाटते.

लहान मुलांविषयी जरा थांबून बोलतो. 2024 च्या अखेरीस नवी मुंबईत पुढच्या आसनावरचे एक लहान मूल एअरबॅग उघडल्याने दगावले. ती बातमी वाचली तेव्हा मला नव्वदच्या दशकातली अमेरिका आठवली. इतक्या वर्षांपूर्वी, इतक्या मुलांच्या जिवावर शिकलेला धडा आपल्या घराघरांत पोहोचलेलाच नाही. आपल्याकडे आई पुढे बसते आणि मांडीवर बाळ असते. माझ्या मांडीवरून सुरक्षित जागा कुठली, असे तिला वाटते, आणि ते वाटणे मायेतूनच येते. पण 10 किलोचे बाळ 20 पट ताणाखाली 200 किलोंचे होते. कुठलीही आई ते धरून ठेवू शकत नाही. ते हातातून सुटते, किंवा आई आणि पिशवी यांच्यामध्ये सापडते. मूल मागच्या आसनावर, त्याच्या मापाच्या खुर्चीत, बांधलेले असावे. मागे तोंड करून ठेवायची बाळखुर्ची उघडणाऱ्या एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये.

मोठ्यांसाठी थोडेसे. छाती आणि स्टीअरिंगचा मध्य यांच्यात किमान 25 सेंटिमीटर अंतर ठेवा. पाय डॅशबोर्डवर ठेवून बसू नका. शेजारच्या आसनासमोर डॅशबोर्डवर, एअरबॅगच्या झाकणावरच, आपण श्रद्धेने गणपतीची मूर्ती चिकटवतो. झाकण उघडते तेव्हा ती मूर्ती शेजारी बसलेल्याच्या तोंडावर येते. बाप्पाला दुसरी जागा द्या. बाजूच्या एअरबॅग आसनातच असतील तर त्यांवर घट्ट कव्हर चढवू नका. पुढे लोखंडी गार्ड लावू नका. त्यांच्यावर 2017 च्या अखेरीस केंद्राने बंदी घातली, कारण ते धडकेचा जोर भलतीकडे वळवतात आणि सेन्सरला चुकीची माहिती जाते. उभ्या ट्रकच्या मागून खाली घुसणाऱ्या गाडीत एअरबॅगचा उपयोग जवळजवळ होत नाही, कारण बॉनेट ट्रकखाली सरकते आणि ट्रकचा मागचा भाग थेट काचेवर येतो. रात्री महामार्गाच्या कडेला दिवे न लावता ट्रक उभा करणे हा खुनाइतकाच गंभीर गुन्हा मानला जावा असे माझे मत आहे.

एअरबॅगही बिघडते, हेही सांगतो. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होते. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्यावर ते खराब होई, आणि पेटले की धातूचे कवचच फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसत. जगभरात सुमारे 10 कोटी इन्फ्लेटर परत घ्यावे लागले, आणि 2017 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही होंडासह काही कंपन्यांनी गाड्या परत बोलावल्या. आपली कोकणपट्टी आणि मुंबई म्हणजे उष्ण आणि दमट हवाच. ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीची गाडी आहे, त्यांनी चासी क्रमांक घालून कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्यावे. बदल फुकट करून मिळतो. जुनी गाडी विकत घेताना किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का, ते बघा. तो लागतच नसेल तर काहीतरी लपवलेले आहे. एकदा उघडलेली एअरबॅग नवी न बसवता तारांमध्ये रेझिस्टर टाकून दिवा शांत करणारी गॅरेज आहेत. तिथे नुसते झाकण शिवून परत लावलेले असते.

शेवटी एक विनंती, आणि ती विशेषतः इथे आलेल्या ट्रॅव्हल्सच्या मालकांना, ड्रायव्हर मंडळींना आणि लग्नाला, देवदर्शनाला गाडी भाड्याने घेणाऱ्यांना. आपल्या भाड्याच्या गाड्यांत मागच्या आसनावर रेक्झिनचे कव्हर चढवतात आणि पट्ट्याची बक्कले त्याखाली दबलेली राहतात. प्रवाशाने पट्टा लावायचा म्हटले तरी सापडत नाही, आणि मागायला संकोच वाटतो. उद्या सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी ती बक्कले वर काढा. भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी बसल्याबरोबर पट्टा मागा, आणि बक्कल नसेल तर दुसरी गाडी मागवा.